यादीत नसलेला वेग

शालन रोकडे सही करायला तयार नव्हती, आणि त्यामुळे वागळे इस्टेटमधल्या पहिल्या मजल्यावरच्या त्या लहानशा वर्कशॉपमध्ये तीन दिवस कोणालाच चहा गोड लागत नव्हता. कागद साधा होता, सात ओळींचा, इंग्रजीत टाइप केलेला. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या पंपघरातून दुरुस्तीला आलेला रेडिओ मोडेम श्रीमती शालन रोकडे यांच्या निष्काळजी हाताळणीमुळे जळाला आणि कंपनी त्याबद्दल दिलगीर आहे, असं त्यात म्हटलं होतं. खाली सहीसाठी एक रेघ ओढून ठेवली होती. सही झाली की गिऱ्हाईक नवा मोडेम घेणार, काम हातचं जाणार नाही, आणि शालनला दुरुस्तीच्या टेबलावरून उठवून पॅकिंगला बसवणार. हे शेवटचं कागदात नव्हतं. मालक संदेशने ते तोंडी सांगितलं होतं, तेसुद्धा खिडकीबाहेर बघत.

"तो जळलेला नाही," शालन म्हणाली होती.

"ताई, अद्वयने टेस्ट केलाय." अद्वय म्हणजे संदेशने नव्याने घेतलेला इंजिनियर.

"केला असेल. तरी तो जळलेला नाही. आणि जो जळलेला नाही तो मी जाळला असं मी लिहून देणार नाही."

बाई बावन्न वर्षांची. उंची बेताची, आवाज बेताचा नाही. संदेशला तिने शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन वर्कशॉपमध्ये येताना पाहिलेलं, त्याच्या वडिलांच्या काळात. ते थोरले साहेब. दहावी पास झालेली, मोहन्याहून येणारी ही मुलगी त्यांनी सोल्डरिंगला, म्हणजे बोर्डावर पार्टांना टाके घालायला घेतली, तेव्हा बाकीच्या बायका तीन महिन्यांत कंटाळून जायच्या. शालन कंटाळली नाही. सोल्डर करता करता ती शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते बघायची, मग विचारायची, मग पुन्हा विचारायची. शेवटी थोरल्या साहेबांनी वैतागून तिला सीआरओसमोर बसवलं. सीआरओ म्हणजे तारेतून जाणारी वीज हिरव्या रेघेत दाखवणारा तो जुना डबा. "बघ आणि गप्प बस," ते म्हणाले. तिने बघितलं. गप्प मात्र बसली नाही.

त्या काळात टेलिफोनवर चालणारे मोडेम किंचाळायचे. एक मोडेम दुसऱ्याला हाक मारायचा, दुसरा ओ द्यायचा आणि मग दोघं मिळून कान किटवायचे. शालन पाठमोरी बसून सांगायची, "हा तीनशेचा. हा बाराशेचा. हा चोवीसशेचा, पण लाइनीत खरखर आहे." लोक मुद्दाम तिची परीक्षा घ्यायचे आणि हरायचे. दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं तर कुठल्या वेगाने बोलायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. त्या वेगाला बॉड रेट म्हणतात. एक भरभर बोलला आणि दुसरा सावकाश ऐकत बसला तर बोलणं तेच असून त्याचा कचरा होतो. हे तिला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. नणदेशी आणि सासूशी एकाच वेळी बोलताना ते आपोआप कळतं, असं ती म्हणायची.

तिचा आणखी एक नावलौकिक होता. टेबलाजवळ पत्र्याचा कप्प्याकप्प्यांचा डबा असायचा, त्यातला पार्ट ती न बघता उचलायची. पहिल्या कप्प्यात कपॅसिटर, दुसऱ्यात डायोड, तिसऱ्यात क्रिस्टल. डोळे बोर्डावर, हात डब्यात. नवीन माणसं थक्क व्हायची आणि शालनला ते मनापासून आवडायचं. का आवडू नये? कामाचं कौतुक कोणाच्या वाट्याला रोज येतं!

अद्वय नौपाड्यातला, डिग्री ताजी, कामावर लागून आठ महिने झालेले. पोरगा वाईट नव्हता. फक्त जे लॅपटॉपवर दिसत नाही ते जगात नसतं अशी त्याची समजूत होती. त्याने परत आलेल्या मोडेमला लॅपटॉप जोडला आणि प्रोग्रॅममध्ये वेगांची यादी येते ती वरपासून खालपर्यंत चालवली. तीनशे, बाराशे, चोवीसशे, अठ्ठेचाळीसशे, शहाण्णवशे, एकोणीस हजार दोनशे आणि पुढचे सगळे. प्रत्येक वेळी स्क्रीनवर कचरा. कुठे उलटं प्रश्नचिन्ह, कुठे चौकोन, कुठे काहीच नाही. त्याने रिपोर्ट लिहिला: पोर्ट जळाला.

"काय कचरा आला तो दाखव," शालन म्हणाली.

"काकू, कचऱ्यात काय बघायचंय?"

"दाखव तर खरं."

त्या मोडेमचा वेग शहाण्णवशे असायला हवा होता, त्यावर लावून त्याने दाखवलं. तो मोडेम याच वर्कशॉपने बनवलेला. चालू केला की समोरून उत्तर येईपर्यंत दर सेकंदाला आपलं नाव सांगत राहायचं, ही त्याची सवय. स्क्रीनवर दर सेकंदाला विचित्र चिन्हांची एक ओळ पडत होती. शालन पाच मिनिटं बघत राहिली.

"प्रत्येक वेळी तीच ओळ येतेय," ती म्हणाली. "तीच चिन्हं, त्याच क्रमाने. जळलेला माणूस एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलेल का रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे तो बोलतोय. तुला ऐकू येत नाहीये."

अद्वय हसला. त्याला वाईट वाटू नये म्हणून हसला असावा, पण शालनच्या ते डोक्यात गेलं. त्या दिवशी तिने जेवणाचा डबा उघडला नाही, आणि कागद टेबलाच्या काचेखाली सरकवून त्यावर कोपर ठेवून काम केलं.

घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. जगन आंबिवली स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो. दिवसभर शंभर माणसांची कटकट ऐकून त्याचा स्वभाव तडजोडीचा झालाय.

"कर की सही आणि मोकळी हो," तो म्हणाला. "पॅकिंगला पगार तोच ना? वर डोळ्यांना आराम."

"पगाराचं मी बोललेच नाही."

"मग कशाचं बोलतेस?"

ते शालनला पटकन सांगता येईना. तिची आई भीमाबाई चाळिशी उलटल्यावर विहारातल्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन लिहा-वाचायला शिकली होती. आजोबांचा अंगठा गावाकडे कोणी कुठे कुठे उमटवून घेतला याचा हिशोब त्या घराला कधी लागलाच नाही, आणि भीमाबाईने तेव्हापासून डोक्यात घेतलं होतं की आपल्या नावाखाली जे लिहिलंय ते आपल्याला खरं वाटलं पाहिजे. रेशनच्या फॉर्मवरसुद्धा ती बोट ठेवून ठेवून वाचायची आणि मागे रांग खोळंबायची. लहानपणी शालनला त्याची लाज वाटायची. आता वाटत नव्हती.

"खोट्यावर माझं नाव घालायचं नाही," ती जगनला म्हणाली. "बस्स, एवढंच आहे." जगनने पुढे वाद घातला नाही, कारण या सुरात बोलल्यावर ती ऐकत नाही हे त्याला तीस वर्षांत कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पंपघराला फोन लावला. तिथे दामाजी म्हणून खाडीकाठचाच कोळी ऑपरेटर आहे. मोडेम बंद असल्यामुळे पाण्याची पातळी त्याला दर तासाला स्वतः बघून फोनवर सांगावी लागत होती, त्यामुळे तो आधीच तापलेला.

"दामाजीभाऊ, दुरुस्त केलेला डबा परत बसवला तेव्हा ठिणगी उडाली का? वास आला का काही?"

"काय नाय बाय. काय जललं नाय न् वास पन नाय आला. बत्ती लुकलुकत व्हती ना बराबर. पन बोलत नव्हता तो. डबा न्यायला आला तवा तुमचे त्या पोऱ्याला मी सांगलं, तर तो लॅपटॉपान डोकं घालून बसला."

शालनने फोन ठेवला आणि संदेशच्या केबिनमध्ये गेली. "मला सीआरओ पाहिजे आणि एक तास पाहिजे. तासाभरात मला तो बोलता करता आला नाही तर आणा तुमचा कागद."

"ताई, कशाला ओढवून घेता? गिऱ्हाईकाला परवापर्यंत उत्तर द्यायचंय."

"उत्तर द्यायचंय ना? मग बरोबर द्या."

संदेशला 'नाही' म्हणता आलं असतं. पण बाहेर सगळे ऐकत होते, आणि त्यातल्या निम्म्यांना काम शालननेच शिकवलं होतं. तो म्हणाला, "एकच तास."

कपाटावरचा सीआरओ खाली उतरवला, धूळ पुसली. मोडेम टेबलावर घेतला, त्याच्या बोलण्याच्या तारेला पिन लावली. हिरवी रेघ दर सेकंदाला एकदा उसळी मारून पुन्हा सपाट होत होती, आणि उजेडात ती धड दिसेना. शालनने खिडकीचा पडदा ओढायला लावला आणि अद्वयला स्क्रीनभोवती दोन्ही हात आडवे धरून उभं केलं. इंजिनियर झाल्यापासून त्याला असं काम कोणी सांगितलं नसावं. पण तो उभा राहिला.

"हे बघ," ती म्हणाली. "रेघ खाली जाते, वर येते. कधी रुंद खाच, कधी अरुंद. सगळ्यात अरुंद जी आहे ती एक ठोका. त्याहून लहान काही तो बोलूच शकत नाही. तो एक ठोका किती वेळाचा ते मोजलं की त्याचा वेग कळला. त्याला यादी लागत नाही."

"शहाण्णवशेला एक ठोका एकशेचार मायक्रोसेकंद," अद्वय हात न हलवता म्हणाला. एवढं त्याला येत होतं.

"बरोबर. आता इथे स्क्रीनवरच्या चौकटीचं एक घर वीस मायक्रोसेकंदांचं लावलंय. म्हणजे पाच घरं आणि वर चारची एक बारीक रेघ दिसायला पाहिजे. किती दिसतं?"

अद्वयने वाकून बघितलं. "पाच... नाही. पाचाला एक रेघ कमी."

"म्हणजे?"

"शहाण्णव मायक्रोसेकंद." एका सेकंदात असे किती ठोके बसतात, याचा त्याने एका हाताने मोबाइल काढून भागाकार केला. "दहा हजार चारशे सोळा. काकू, असा बॉड रेटच नसतो."

"तुझ्या यादीत नसतो," शालन म्हणाली. "त्याने तुझी यादी वाचलेली नाही. घाल तो आकडा."

प्रोग्रॅममध्ये यादीच्या खाली हाताने आकडा लिहायची एक जागा असते. अद्वयने आजवर तिथे काहीच लिहिलं नव्हतं. त्याने लिहिला. पुढच्या सेकंदाला स्क्रीनवर स्वच्छ इंग्रजी अक्षरांत मोडेमचं नाव उमटलं. मग पुन्हा. मग पुन्हा. दर सेकंदाला, एकही अक्षर न चुकता.

वर्कशॉपमध्ये अशी आरोळी उठली की खालच्या पावडर कोटिंगवाल्यांनी वर येऊन विचारलं. अद्वय तर उड्याच मारत होता. आपलाच रिपोर्ट खोटा ठरलाय याचं त्याला भानसुद्धा नव्हतं, आणि त्या एका गोष्टीसाठी शालनने त्याला मनातल्या मनात बरंच काही माफ केलं. संदेश केबिनमधून आला, स्क्रीन बघितली, आणि त्याचा चेहरा सैल पडला.

"मानलं, ताई. मग तो कागद फाडून टाकू. पंपघरात मोडेम ज्या पॅनलला जोडतात त्याचा वेग हाच करून टाकू, नाहीतर कायतरी करू. गिऱ्हाईकाला सांगू, सेटिंगचा प्रॉब्लेम होता. विषय संपला. तुमचं टेबल तुमच्याकडे."

सगळे शालनकडे बघत होते. ती कोणाकडेच बघत नव्हती. हातात पेन होतं आणि समोर कागदावर दोन आकडे होते, एकशेचार आणि शहाण्णव. हा फरक तिच्या ओळखीचा होता. या मोडेमच्या पोटात एक क्रिस्टल असतो. तो ठरावीक गतीने थरथरतो आणि बाकी सगळं त्याच्या तालावर चालतं. या मोडेमला लागतो तो अकरा पॉइंट झिरो फाइव्ह नाइन टू. वर्कशॉपमध्ये त्याला नुसतं अकरावाला म्हणतात. दिसायला अगदी तसाच, तेवढाच, चकचकीत, तो बारावाला. अकराच्या जागी बारा बसला की सगळं त्याच प्रमाणात घाई करतं आणि एकशेचारचे बरोबर शहाण्णव होतात. दुसऱ्या कुठल्याही कारणाने इतके नेमके होत नाहीत.

आणि क्रिस्टल तिने बदलला होता. गेल्या महिन्यात, गिऱ्हाईकाचा माणूस बाहेर बाकावर पाय हलवत बसलेला असताना. डोळे बोर्डावर, हात डब्यात.

हे इथे कोणालाच कळलेलं नव्हतं. अद्वयला कळलं असतं कदाचित, पण तो आनंदात होता. संदेशला कळून घ्यायचंच नव्हतं. तिने नुसतं मान हलवून "बरं" म्हटलं असतं तर टेबल तिचं, मान तिचा, आणि मोडेम पुढची दहा वर्षं चुकीच्या वेगाने सुखाने बोलत राहिला असता. क्षणभर तिला तसं करावंसं वाटलंसुद्धा. का वाटू नये? तीन दिवस सगळे तिच्यावर उलटले होते.

तिने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मोडेमचं झाकण उघडलं.

"आता कशाला उघडताय?" संदेश म्हणाला.

तिने बोर्ड बाहेर काढला, हात लांब करून धरला, जवळ आणला, पुन्हा लांब केला. क्रिस्टलवरची अक्षरं तिला लागेनात. खरं तर वर्षभर लागत नव्हती. बुडाशी टाका मात्र लख्ख दिसत होता, टोकाला किंचित वर ओढलेला. तसा टाका या इमारतीत दुसरं कोणी घालत नाही.

"वाच रे," तिने बोर्ड अद्वयपुढे धरला. "मोठ्याने वाच."

"बारा पॉइंट झिरो..." अद्वय थांबला. त्याला कळलं, आणि त्याने एकदम आवाज खाली आणला. "काकू, राहू दे ना. स्टोअरवाल्याने डब्यात मिक्स केले असतील."

"केलेच असतील. पण वाचायचं काम माझं होतं."

तिने डबा ओढला, तिसरा कप्पा टेबलावर उलटा केला आणि अद्वयला एक एक वाचायला लावलं. सव्वीस क्रिस्टल निघाले. त्यातले नऊ बाराचे होते. शालनला रडू आलं नाही, पण राग आला, आणि तो पहिल्यांदाच दुसऱ्या कोणावर नव्हता. सत्तावीस वर्षं न बघता पार्ट उचलण्याचा जो रुबाब केला, त्याची तिला मनापासून लाज वाटली.

तिने अकराचा क्रिस्टल वेगळा काढला, अद्वयकडून दोनदा वाचून घेतला, जुना उतरवून नवा बसवला. लॅपटॉप शहाण्णवशेवर लावला. नाव उमटलं. मग तिने कोरा कागद मागितला आणि मराठीत, मोठ्या गोल अक्षरात लिहायला घेतलं. संदेश मागे उभा राहून वाचत होता.

'मोडेम जळालेला नाही व नव्हता. दुरुस्ती करताना मी, शालन जगन रोकडे, अकराच्या जागी बाराचा क्रिस्टल न वाचता बसवला. त्यामुळे मोडेमचा वेग बदलला. ही चूक माझी आहे. क्रिस्टल बदलला आहे, मोडेम चालू आहे. दुरुस्तीनंतर दुसऱ्या माणसाने तपासणी केली नव्हती, कारण तपासणी करणाऱ्या मेघना मॅडम नोकरी सोडून गेल्यावर तपासणीचं टेबल दोन वर्षांपूर्वी मालकांनी बंद केलं. दिवा लुकलुकला की माल पाठवायचा, अशी पद्धत आहे.'

"ताई, हे काय?" संदेशचा आवाज चढला. "तीन दिवस तुम्ही भांडताय की सही करणार नाही. आता कोणी मागत नाहीये तर स्वतःहून लिहून देताय?"

"तेव्हा जे लिहिलं होतं ते खोटं होतं. हे खरं आहे." तिने खाली पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि तारीख घातली.

"हे पाठवलं तर ते म्हणतील, या बाईला आमच्या कामाला हात लावू देऊ नका."

"म्हणू देत. तसं लेखी म्हणायला सांगा."

"आणि मी काय करू? अशा कागदानंतर तुम्हाला या टेबलावर कसं ठेवू?"

आता शालन उभी राहिली. "टेबल मी सोडणार नाही, संदेश सर. तुम्हाला उठवायचं असेल तर उठवा, पण कारण लिहून उठवा, आणि ते कारणही मी वाचणार. चष्मा आज करायला टाकते. उद्यापासून प्रत्येक पार्ट वाचून लावीन, वेळ लागला तर लागला. चूक झाली म्हणून माणसं टेबल सोडायला लागली, तर हा मजला सकाळपर्यंत रिकामा होईल. तुमची केबिन धरून."

संदेशने कागद उचलला, पुन्हा वाचला. शेवटच्या दोन ओळींवर तो थांबला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की शालनच्या सहीशेजारी तेवढीच मोकळी जागा सोडलेली आहे, आणि तिच्याखाली तिने गोल अक्षरात त्याचं नाव लिहून ठेवलंय.

"ही जागा कशाला?"

"पहिली चूक माझी, तिथे मी केली सही. दुसरी तुमची आहे."

संदेशने कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला. बाहेरून रिक्षांचे हॉर्न येत होते. शालनने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने पुढचा दुरुस्तीचा डबा ओढला आणि त्याचे स्क्रू काढायला लागली. दोन स्क्रू निघाले, तिसरा गंजलेला होता. मग संदेशने तिच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून सही केली आणि अद्वयला केबिनमधून कंपनीचा शिक्का आणायला पाठवलं.